पायथनमधून जुन्या जावा जारच्या पोटात बघायचंय, पण क्लास सकाळी 'नाही' म्हणतो आणि दुपारी सापडतो

शेंगाचटणी

नमस्कार मंडळी. पोस्ट लांब आहे, आधीच माफी. आणि कोडमधली नावं मी मराठीत उच्चाराप्रमाणे लिहिलीयेत, कारण ज्या पीसीवर हे सगळं चाललंय तिथं नेट नाही आणि मोबाईलवर सारखा कीबोर्ड बदलायचा कंटाळा येतो.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं कॉम्प्युटरचं काम बघतो. नोकरी नाही, महिन्याचे ठरलेले पैसे मिळतात आणि वर सणाला दोन टॉवेल. पॅकिंग खात्यात वजनकाटा आहे, गाठ काट्यावर ठेवली की पीसीवरचा प्रोग्राम वजन वाचतो, गाठीचा नंबर बनवतो आणि लेबल काढतो. हा प्रोग्राम जावातला, दहाबारा वर्षांपूर्वी कुणीतरी बाहेरून येऊन करून दिलेला. करून देणाऱ्यांनी दुकान कधीच बंद केलं, फोन लागत नाही, सोर्स कोड नाही, कागद म्हणाल तर एक चहाचे डाग पडलेली पावती. फोल्डरमध्ये दोन जार फायली (जावाचा तयार कोड बांधून ठेवलेल्या, झिपसारख्या) आणि एक डीएलएल (विंडोजची लायब्ररी फाईल) एवढंच.

आता मालकांच्या मुलाला रोजच्या गाठी मोबाईलवर बघायच्यात, म्हणून मी ते पायथनमध्ये करायला घेतलंय. वजन वाचणं एक वेळ मी स्वतः लिहीन, पण गाठीचा नंबर १४ आकडी आहे. पहिले ६ लॉटचे, मग १ शिफ्टचा, मग ५ वजनाचे, इथपर्यंत रजिस्टर बघून कळतं. शेवटचे २ कुठनं येतात ते कारखान्यात एकाही माणसाला माहीत नाही आणि माझे नंबर जुन्याशी जुळले नाहीत तर गोडाऊनवाले मामा मला उभा चिरतील.

म्हणून डोकं लढवलं की जेपाइप (पायथनमधून जावा चालवायची लायब्ररी) वापरून जावा मशीन पायथनच्या आतच सुरू करायची आणि रिफ्लेक्शनने क्लासलाच विचारायचं, बाबा तुझ्यात कायकाय आहे ते सांग. सिरियल पोर्टच्या लायब्ररीची डीएलएल ३२ बिट निघाली, मग जावा ८ पण ३२ बिटची टाकली आणि पायथन पण ३२ बिटचं, यात दोन दिवस गेले, ते जाऊदे.

प्रॉब्लेम आता ऐका. सकाळी ११ ला जेक्लास (जेपाइपमध्ये क्लास मागायची सोय) करून काट्याचा क्लास मागितला तर 'एक्सेप्शन इन इनिशिअलायझर एरर'. म्हटलं काहीतरी चुकलं असेल, तीच ओळ परत चालवली तर आता 'नो क्लास डेफ फाउंड एरर', म्हणजे क्लासच नाही म्हणतोय! जार उघडून बघितली, क्लास ढळढळीत आत आहे. वैतागून सोडून दिलं. दुपारी दीडला, जेवणाच्या सुट्टीत, तोच कोड नवीन खिडकीत चालवला, एक अक्षर बदललं नाही, आणि झटक्यात चालला. डिर केलं (आत कायकाय आहे ते दाखवणारं पायथनचं फंक्शन), मेथडची म्हणजे क्लासमधल्या फंक्शनची नावं आली. त्यातली रीडनेट म्हणून एक आहे, तीन आर्ग्युमेंट, इंट इंट बुलियन, नावं नुसती आर्ग०, आर्ग१, आर्ग२. मी अंदाजाने ३, ९६००, ट्रू दिलं (कॉम ३ पोर्ट आणि ९६०० बॉड रेट म्हणून) तर २५.०० आलं. म्हणजे तेवढं तरी जमलं. पण गाठीचा नंबर बनवणारी मेथड लिस्टमध्ये कुठंच नाही.

आणि दोन वाजता सुट्टी संपली तर पॅकिंगचा मूळ प्रोग्रामच चालू होईना. ऑपरेटर माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. शेवटी पीसी रिस्टार्ट केला तेव्हा आला. आता मालक म्हणतात कामाच्या वेळेत हात लावायचा नाही. मी तर नुसतं बघत होतो हो, क्लासमधलं काही बदललं पण नाही. नुसतं बघितल्यानं असं होतं का?

कडकभाकरी

काय बे, एवढं का डोकं लावलालास. काट्याला पायथनची पायसिरियल लायब्ररी लाव, लाईन वाच, संपला विषय. मी आमच्याकडं डाळीच्या काट्याला असंच केल्तो. आमचा काटा 'एसटी, जीएस' आणि पुढं वजन असं पाठवतो, एसटी म्हंजे स्टेबल, जीएस म्हंजे ग्रॉस, गाठ हलत असंल तर एसटीच्या जागी 'यूएस' येतं, ती लाईन सोडून द्यायची. मी पयल्यांदा एसटी बघून म्हटलो लाल डब्बा कुठनं आला हितं.

नंबरचं मला म्हाईत नाही. जार डिकंपाइल करून, म्हंजे परत वाचता येणारा कोड काढून, बघ की सरळ.

हिप्परगा_तलाव

शेंगाचटणी, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, फक्त तुम्ही लिहिलेल्या वेळा एकाखाली एक मांडून बघा. ११ ला नाही, दीडला हो, दोनला मूळ प्रोग्राम बंद. एक विचारते, जेवणाच्या सुट्टीत ऑपरेटर तो प्रोग्राम बंद करून जातो का? कारण जात असेल तर सगळं जुळतं.

मी कॉलेजात जावा शिकवते आणि हे दरवर्षी फळ्यावर लिहिते, तरी मुलांना खरं वाटत नाही. जावात क्लास 'लोड' होणं वेगळं आणि 'इनिशिअलाइज' होणं वेगळं. लोड म्हणजे फाईल वाचून मेमरीत घेतली, आत कायकाय मेथड आहेत ते कळलं, पण त्यातलं काहीही अजून चाललेलं नाही. इनिशिअलाइज म्हणजे क्लासमधला स्टॅटिक ब्लॉक, क्लास पहिल्यांदा वापरताना एकदाच चालणारा कोड, प्रत्यक्ष चालतो. तुम्ही नुसता क्लास मागितलात तरी जेपाइपचा जेक्लास, आणि जावातलं एका आर्ग्युमेंटचं क्लास डॉट फॉरनेम सुद्धा, डिफॉल्टने इनिशिअलाइज करूनच क्लास हातात देतात. आणि ज्याने हा प्रोग्राम लिहिलाय त्याने माझी पैज आहे की स्टॅटिक ब्लॉकमध्येच कॉम पोर्ट उघडून ठेवलाय. पाप आहे पण सर्रास करतात.

विंडोजमध्ये एक कॉम पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामला उघडता येतो. सकाळी ११ ला पोर्ट पॅकिंगच्या प्रोग्रामकडे, तुमच्याकडचा स्टॅटिक ब्लॉक पोर्ट मागायला गेला, मिळाला नाही, आपटला, म्हणून पहिला एरर. आता एकदा स्टॅटिक ब्लॉक आपटला की जावा मशीन त्या क्लासवर कायमची फुली मारते, परत प्रयत्नच करत नाही, पुढच्या प्रत्येक वेळी 'नो क्लास डेफ फाउंड' म्हणून मोकळी. हे नाव फार फसवं आहे, क्लास सापडतो, पण बिघडलेला म्हणून सापडतो. मेसेज पूर्ण वाचलात तर त्यात 'कुड नॉट इनिशिअलाइज क्लास' असं असणार, आणि खरं कारण फक्त पहिल्या एररमध्ये असतं, दुसऱ्यात शोधत बसू नका. दुपारी पोर्ट मोकळा होता, तुमच्या पायथनने तो घेतला आणि खिडकी उघडी ठेवून तुम्ही जेवायला गेलात. जेपाइपमध्ये जावा मशीन पायथनच्याच प्रोसेसमध्ये असते, ती प्रोसेस मरेपर्यंत पोर्ट सुटत नाही. दोनला ऑपरेटर आला तेव्हा पोर्ट तुमच्याकडे होता.

तेव्हा हो, नुसतं बघितल्यानं असं होतं, कारण तुम्ही झोपलेल्या माणसाला हलवून उठवून विचारताय की तू झोपलायस का.

आता बघायचं कसं ते. पहिलं काम, त्या दोन्ही जार पेनड्राइव्हवर घ्या आणि घरच्या लॅपटॉपवर जेडीके (जावात प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठीचं पॅकेज) टाकून जावापी चालवा. जावापी हे जेडीकेबरोबर येतं, नुसत्या जेआरईत (फक्त जावा चालवायच्या पॅकेजमध्ये) नसतं. ते क्लास फाईल फक्त वाचतं, चालवत नाही, त्यामुळे डीएलएल नको, काटा नको, ३२ बिटची कटकट नको, रात्री पंख्याखाली निवांत बसून करा. मायनस पी दिलं की प्रायव्हेट (क्लासच्या बाहेरून एरवी वापरता न येणाऱ्या) मेथडही दिसतात. मायनस सी दिलं की आतला बाइटकोड (जावा मशीनला कळणाऱ्या सूचना), आणि तिथं 'स्टॅटिक' लिहून पुढे रिकामा महिरपी कंस दिसला की तोच आपला आरोपी, त्याच्या खाली कॉम ३ असं अक्षरात लिहिलेलं सापडेल बघा.

दुसरं, पायथनमधूनच करायचं असेल तर तीन आर्ग्युमेंटचं फॉरनेम वापरा, नाव, मग फॉल्स, मग क्लासलोडर. तो मधला फॉल्स म्हणजे 'उठवू नकोस'. जेक्लासला पण इनिशिअलाइज नावाचा कीवर्ड आहे, तो फॉल्स देता येतो, पण मी फॉरनेमच वापरते, कारण मग हातात सरळ जावाचा क्लास ऑब्जेक्ट येतो. त्यावर गेटडिक्लेअर्डमेथड्स करा. तुम्हाला नंबरची मेथड दिसली नाही कारण ती प्रायव्हेट असणार, जेपाइपच्या डिरमध्ये पब्लिक मेथडच येतात. जावातही गेटमेथड्स पब्लिक देतं (वरच्या क्लासकडून आलेल्या धरून) आणि गेटडिक्लेअर्डमेथड्स त्या क्लासच्या स्वतःच्या सगळ्या, प्रायव्हेटसकट. एक लक्षात ठेवा, गेटडिक्लेअर्डमेथड्सला मेथडच्या आर्ग्युमेंटचे टाइप पण लोड करावे लागतात, म्हणजे सिरियलवाली दुसरी जार क्लासपाथमध्ये (जावा क्लास जिथं शोधते त्या यादीत) नसली तर परत 'नो क्लास डेफ फाउंड' येईल आणि तुम्ही म्हणाल मॅडमनी फसवलं. यावेळी मात्र खरंच फाईल नसेल.

आणि हो, ती गाठ बरोबर २५ किलोचीच होती का?

शेंगाचटणी

मॅडम, दंडवत. ऑपरेटर बंद करूनच जातो, मालकांचा नियमच आहे, मागे सुट्टीत कुणीतरी त्या पीसीवर पत्ते खेळताना सापडलं होतं तेव्हापासून.

आणि २५ चं विचारलंत आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण सुट्टीत काट्यावर गाठच नव्हती. काटा रिकामा होता. मी २५.०० बघून इतका खूश झालो की मान वळवून काट्याकडे बघितलंच नाही.

सातरस्ता

मॅडमनी सगळं सांगितलंय, माझं थोडं जोडतो. प्रायव्हेट मेथड दिसली तरी तुला कॉल करता येणार नाही, जावा १७ पासून सेटअ‍ॅक्सेसिबल (प्रायव्हेटचं कुलूप काढायची मेथड) बंद केलंय, अ‍ॅड-ओपन्सचे फ्लॅग द्यावे लागतात. आमच्या हिंजवडीच्या प्रोजेक्टमध्ये यावरून एक अख्खा आठवडा गेला होता.

दुसरं म्हणजे हे कायद्यात बसतं का ते पण बघ, दुसऱ्याचा प्रोग्राम आहे.

हिप्परगा_तलाव

सातरस्ता, अर्धं बरोबर. जावा ९ ला (२०१७) मॉड्यूल आले आणि १६ पासून (२०२१) जे डिफॉल्टने बंद झालं ते जेडीकेच्या स्वतःच्या पोटातलं, जावा डॉट लँग वगैरे पॅकेजमधल्या प्रायव्हेट गोष्टी. क्लासपाथवर ठेवलेली साधी जार असेल तर तिच्यातल्या प्रायव्हेट मेथडवर सेटअ‍ॅक्सेसिबल ट्रू आजही चालतं. तुमच्या प्रोजेक्टमध्ये कुठलीतरी लायब्ररी जेडीकेच्या आत हात घालत असणार. आणि हे तर जावा ८ वर आहेत, तिथं हा विषयच नाही.

कायद्याचं, आपल्या कॉपीराइट कायद्यात (१९५७ चा) कलम ५२ मध्ये एक पोटकलम आहे, ज्याच्याकडे प्रोग्राम कायदेशीर आहे त्याने आपला वेगळा बनवलेला प्रोग्राम त्याच्याशी जुळवून घेण्यापुरती माहिती काढली आणि ती दुसरीकडे सहज मिळत नसेल, तर तो भंग धरत नाहीत. मी वकील नाही, पण ती चहाचे डाग पडलेली पावती फेकू नका.

शेंगाचटणी

अपडेट. काल रात्री घरी बसलो, जेडीके टाकलं, जावापी लावलं. मॅडम, पैज जिंकलात. स्टॅटिक ब्लॉक आहे आणि त्यात कॉम ३ आहे, वर पोर्ट उघडायची मेथड. मी त्या ओळीकडे बराच वेळ बघत बसलो, आई म्हणाली काय झालं, म्हटलं चोर सापडला.

मेथडची लिस्ट पण आली. नंबरवाली प्रायव्हेट आणि स्टॅटिक आहे, मेकबेलनो, एक स्ट्रिंग आणि दोन इंट घेते, स्ट्रिंग परत देते. त्यात एक 'अ‍ॅक्सेस डॉलर ०००' नावाची पण मेथड आहे, ती कुणी लिहिली असेल असं वाटत नाही.

आता खरी अडचण. पायथनमधून फॉल्स देऊन क्लास मिळाला, गेटडिक्लेअर्डमेथड पण मिळाली, सेटअ‍ॅक्सेसिबल ट्रू पण झालं, म्हटलं जिंकलो, आणि इन्व्होक केलं की धप्प, परत तोच इनिशिअलायझर एरर. घरच्या लॅपटॉपवर कॉम ३ नाहीच, डीएलएल पण नाही. म्हणजे बघता येतंय पण हात लावता येत नाही?

हिप्परगा_तलाव

बरोबर ओळखलंत. स्टॅटिक मेथड कॉल करायची म्हटलं की जावा मशीन आधी क्लास इनिशिअलाइज करणारच, रिफ्लेक्शनमधून केलं तरी सुटका नाही. नवीन ऑब्जेक्ट केला तरी तेच, स्टॅटिक फील्ड वाचलं तरी तेच (फायनल कॉन्स्टंट सोडून). ज्याने नंबरची मेथड आणि पोर्ट उघडणं एकाच क्लासमध्ये टाकलं त्याच्या नावाने दोन शिव्या घालून पुढे जाऊ.

अ‍ॅक्सेस डॉलर ०००, ती कंपायलरने टाकलेली. क्लासच्या आतल्या क्लासला बाहेरच्याचं प्रायव्हेट काही हवं असलं की जुने कंपायलर असा चोरदरवाजा बनवायचे, जावा ११ पासून गरज राहिली नाही. इजसिंथेटिक विचारून गाळून टाकायची.

तुमच्यापुढे दोन वाटा. एक, सिरियल लायब्ररीतल्या त्या पोर्टवाल्या क्लासच्या नावाचाच एक खोटा क्लास स्वतः लिहायचा, जो पोर्ट मागितला की शांतपणे काहीही न करता हो म्हणतो, आणि क्लासपाथमध्ये खऱ्या जारच्या आधी ठेवायचा. जावा पहिला सापडेल तो उचलते. मग स्टॅटिक ब्लॉक आनंदाने चालतो आणि खऱ्या पोर्टला हात लागत नाही. टेस्टिंगवाले हेच करतात. दोन, मेथड लहान असेल तर बाइटकोड वाचून सरळ पायथनमध्ये उतरवा. किती ओळींची आहे?

आणि आर्ग०, आर्ग१ चं राहिलं. क्लास फाईलमध्ये आर्ग्युमेंटची नावं मुळात जपून ठेवतच नाहीत, जावा ८ ला (२०१४) जावासी ला मायनस पॅरामीटर्स हा पर्याय आला, तो देऊन कंपाइल केलं तरच रिफ्लेक्शनला नावं कळतात. तुमची फाईल जुनी असणार. जावापी मायनस व्ही केलं की मेजर व्हर्जन दिसेल, ५० म्हणजे जावा ६, ५१ म्हणजे ७, ५२ म्हणजे ८. पण एक गंमत करून बघा, जावापी मायनस एल. डीबगची माहिती ठेवून कंपाइल केलं असेल तर 'लोकल व्हेरिएबल टेबल' म्हणून एक तक्ता असतो, त्यात नावं असतात. रिफ्लेक्शन त्या तक्त्याकडे बघतच नाही, जावापी बघतं. आयडीईमधून बनवलेल्या जारमध्ये बऱ्याचदा तो राहून जातो.

जुळे_सोलापूरकर

मधेच घुसतो, सॉरी. माझ्याकडे असंच, पण जार कोटलिनची (जावा मशीनवरच चालणारी दुसरी भाषा) आहे. मी पण जेपाइपमधून बघतोय. एका फाईलमध्ये नुसत्या फंक्शन होत्या, क्लास नव्हता, त्या कुठं गेल्या कळेना. आणि एका फंक्शनला दोन आर्ग्युमेंट आहेत असं डॉक्युमेंटमध्ये लिहिलंय पण रिफ्लेक्शन तीन दाखवतंय आणि परतीचा टाइप ऑब्जेक्ट.

हिप्परगा_तलाव

क्लासबाहेरच्या फंक्शन फाईलच्या नावापुढे 'केटी' लावलेल्या क्लासमध्ये स्टॅटिक म्हणून जातात, तिथं बघा. तीन आर्ग्युमेंटवालं ते सस्पेंड (मधे थांबून नंतर पुढे चालू होणारं) फंक्शन आहे, कोटलिनचा कंपायलर शेवटी एक कंटिन्युएशन चिकटवतो आणि परतीचा टाइप ऑब्जेक्ट करून टाकतो, ते जावाच्या बाजूनं कॉल करायचं म्हणजे वेगळीच डोकेदुखी. नल चालतं की नाही तेही रिफ्लेक्शनमध्ये दिसणार नाही, ती अ‍ॅनोटेशन क्लास फाईलमध्ये असतात पण चालू असताना दिसत नाहीत अशी ठेवलेली असतात, जावापी मायनस व्ही मध्ये दिसतील. दुसऱ्या भाषेचा क्लास जावाच्या चष्म्यातून बघितला की जावाला कळतं तेवढंच दिसणार, बाकीचं कोटलिन स्वतःच्या मेटाडेटा नावाच्या अ‍ॅनोटेशनमध्ये भरून ठेवतं. वेगळा धागा काढा, सविस्तर सांगते, इथं या बिचाऱ्याची गाठ सुटूद्या.

कडकभाकरी

मॅडम तुमी कुठल्या कॉलेजात शिकवता सांगा की, आमच्या येळंला सर नुसतं पुस्तक वाचून दाखवायचे.

बाकी डिकंपायलर म्हटल्तो मी पयल्याच दिशी, कुणी ऐकलालंच नाही.

सातरस्ता

मॉड्यूलचं पटलं मॅडम, आज ऑफिसात बघितलं. जेडीकेच्याच क्लासवर सेटअ‍ॅक्सेसिबल करत होते आमचे लोक. आठवडा गेला तो गेलाच.

शेंगाचटणी

झालं! सविस्तर लिहितो कारण मॅडमनी दोनदा तीनदा वेळ काढून लिहिलंय, आणि कडकभाकरी तू पण बरोबर होतास भावा, पण डिकंपायलर टाकायला जेवढा वेळ लागला असता तेवढ्यात जावापीने काम झालं. तसं बघितलं तर दोन्ही एकच, मी फक्त कच्चं खाल्लं.

मेजर व्हर्जन ५० निघालं, जावा ६. आणि मायनस एल केलं तर लोकल व्हेरिएबल टेबल जसंच्या तसं आत! रीडनेटची आर्ग्युमेंट अशी, पहिलं 'ट्राइज', दुसरं 'टाइमआउट', तिसरं 'डेमो'. म्हणजे मी काट्याला सांगत होतो की ३ वेळा प्रयत्न कर, प्रत्येक वेळी ९६०० मिलिसेकंद थांब, आणि हे सगळं खोटं खोटं कर. डेमो ट्रू असलं की सरळ २५ किलो परत. बहुतेक विकायला आले होते तेव्हा काटा नसताना मालकांना दाखवायला ठेवलेलं. मी ते आकडे अंदाजाने टाकले आणि अंदाज इतका पटण्यासारखा होता की शंकाच आली नाही. मॅडमनी विचारलं नसतं तर मोबाईलवर रोज सगळ्या गाठी २५ किलोच्या दिसल्या असत्या आणि मालकांचा मुलगा म्हणाला असता वा काय एकसारखं काम आहे.

मेकबेलनो छोटी निघाली, बाइटकोडच्या तीसेक ओळी. खोटा क्लास बनवायची वाट मी घेतली नाही, वाचूनच उतरवली. सुरुवातीला घाबरलो होतो पण ते वाचायला वाटतं तेवढं अवघड नाही, एकेक ओळ म्हणजे ताटात एकेक पदार्थ वाढल्यासारखं, हे उचल, ते उचल, आता दोन्ही मिसळ. लॉट, शिफ्ट आणि दहा ग्रॅमच्या हिशोबात वजन, हे तिन्ही जोडून १२ आकडी लाँग बनवतो, मग 'एलडीसी२ डब्ल्यू' आणि पुढे ९७, खाली 'एलरेम'. म्हणजे ९७ ने भागून जी बाकी उरते ती. एक आकडी असली तर पुढे शून्य. तेच शेवटचे दोन आकडे. पायथनमध्ये दोन ओळी झाल्या. एवढ्यासाठी मी जावा मशीन, ३२ बिट, कॉम पोर्ट, ऑपरेटरचे डोळे हे सगळं केलं.

आज सकाळी गोडाऊनमध्ये जाऊन मामांचं रजिस्टर मागितलं, वेगवेगळ्या महिन्यांतल्या ४० गाठी काढल्या, ४० च्या ४० जुळल्या. जावा मशीन सुरूच केली नाही, काट्याकडे गेलोच नाही, मालकांची आज्ञा पाळली.

आणि एक राहिलं. मामांना मी विचारलं, शेवटचे दोन आकडे ९७, ९८ किंवा ९९ असलेली गाठ कधी बघितलीत का. ते रजिस्टर न उघडताच म्हणाले, नाही, ९६ च्या पुढं जातच नाही ते, एवढ्या वर्षांत कधी गेलं नाही, का रे?